उन्हाच्या वाटेतली छत्री

गोल्फच्या नियमांत छत्रीला जागा आहे, पण ती फार मोजूनमापून दिलेली. खेळाडूने एका हातात स्वतःची छत्री धरली आणि दुसऱ्या हाताने चेंडू टोलवला, तर ते चालतं. पण फटका मारताना बॅग उचलणाऱ्या कॅडीने किंवा आणखी कोणी त्याच्या डोक्यावर छत्री धरली, किंवा ऊन-पाऊस अडवण्यासाठी एखादी वस्तू मुद्दाम उभी करून ठेवली, तर दंड बसतो. एकूण फटके मोजायच्या स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा. एकेक होल जिंकत जायच्या मॅच प्लेमध्ये तो होलच हातचा जातो. म्हणून पावसातला सामना टीव्हीवर पाहिला तर एक गोष्ट हमखास दिसते. कॅडी भली मोठी छत्री धरून खेळाडूला खेटून उभा असतो, आणि क्लब मागे जायच्या आत छत्रीसकट बाजूला होतो.

म्हणजे आपल्या आपण उभी राहणारी छत्री खऱ्या खेळात बसतच नाही. ती सरावाचीच वस्तू. पण गोल्फमध्ये सराव काही थोडाथोडका नसतो. सामन्यात माणूस चालतो, झाडाच्या सावलीत थांबतो, दोन फटक्यांमध्ये त्याला उसंत मिळते. सरावाच्या मॅटवर मात्र तो एकाच जागी तासभर उभा असतो, आणि त्याला शिकवणारा त्याच जागी अर्धा दिवस. उभं राहूनच करायचं काम आणि वर आडोसा काही नाही, अशी ही अवस्था. ती मी पुण्यात जवळून पाहिली, कारण अशा छत्रीचं काम आमच्याकडे आलं.

भोसरीला आमचं छोटं शेड आहे. हॉटेलांच्या अंगणातल्या मोठ्या छत्र्या, दुकानांपुढची ऑनिंग, शाळांच्या पटांगणावरची कापडी छपरं, असली कामं आम्ही करतो. वडील रविवार पेठेत फुटपाथवर बसून छत्र्या दुरुस्त करायचे. काड्या आणि कापड मुंबईहून, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून यायचं. मी शाळेतून आले की त्यांच्या शेजारी बसून कळ्या कापायची. छत्रीची कळी दिसते त्रिकोणी, पण तिच्या बाजू सरळ रेषेत कापल्या तर उघडलेल्या छत्रीवर कापड नीट ताणून बसत नाही. बाजूंना किंचित बाक द्यावा लागतो, आणि तो किती द्यायचा हे काडी किती वाकते यावर ठरतं. काडी हातात धरून वाकवून पाहिल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही, हा वडिलांचा दंडक होता. माझ्या कामाची सगळी पद्धत त्या एका दंडकातून आलेली आहे. ज्याच्यासाठी वस्तू करायची ते आधी बघायचं, कापड मागाहून.

तर एका मार्चमध्ये एक गोल्फ प्रशिक्षक आमच्याकडे आले. लहानपणी येरवड्याच्या मैदानावर कॅडी म्हणून बॅगा उचललेला माणूस, खेळ बघत बघत शिकलेला, आता शहराच्या पूर्वेला एका ड्रायव्हिंग रेंजवर शिकवतो. मोबाइलवर एका परदेशी छत्रीचा फोटो होता. दांडा एका कडेला, वरून आडवा हात आलेला आणि त्याला टांगलेली छत्री.

“ताई, अशी पाहिजे. दहा फूट उंच. डोक्यावर पूर्ण यायला पाहिजे, पण दांडा कुठे आडवा यायला नको.”

“दहा फूट कशाला सर? आठ फुटांत भागेल.”

त्यांनी तिथेच लोखंडी पाइपाचा एक तुकडा उचलला आणि दोन हातांत धरून क्लबसारखा फिरवून दाखवला. आमचे वेल्डर मामा चटकन मागे सरले. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, पावणेचार फुटांचा असतो. हात खांद्याच्या वर गेल्यावर त्याचं टोक आणखी वर जातं. बंद खोलीत गोल्फचा सराव करायचा तर छत नऊ-दहा फूट उंच लागतं, ते याचमुळे. आडव्या हाताची छत्री आठ फुटांवर टांगली असती, तर उंच माणसाचा क्लब पहिल्याच दिवशी काड्यांत अडकला असता.

मी म्हटलं, आधी मला तुमची जागा बघू द्या.

रेंज म्हणजे लांबलचक मोकळं मैदान. एका टोकाला ओळीने मॅट, पुढे अंतराच्या पाट्या. बहुतेक चांगल्या रेंज उत्तरेकडे तोंड करून आखलेल्या असतात, म्हणजे चेंडू उडताना सूर्य समोर येत नाही. ही रेंजही तशीच होती. कागदावर हे बरोबरच आहे. पण गोल्फ खेळणारा चेंडू जिकडे जायचा तिकडे तोंड करून उभा राहत नाही, आडवा उभा राहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खांदा निशाणाकडे असतो. निशाण उत्तरेला, तर त्याचं तोंड सरळ पूर्वेला येतं. बहुसंख्य खेळाडू उजव्या हाताचे, आणि सरावाची बहुसंख्य गर्दी सकाळची, सहा ते दहा. उडणाऱ्या चेंडूचा सगळा विचार झाला होता. चेंडू मारणारा सूर्याकडे तोंड करून उभा आहे, याचा कोणी केला नव्हता.

सर शिकवत होते ती जागा ओळीतली शेवटची, पूर्वेच्या कडेची. तिच्या पुढे दुसरी मॅट नव्हती, नुसतं गवत आणि पलीकडे कुंपणाची जाळी. ही गोष्ट पुढे फार कामाची ठरली. एरवी मॅट एकमेकांपासून दहा-बारा फुटांवर असतात, आणि एकाच्या चेंडूपुढे सात-आठ फुटांवर दुसऱ्याची पाठ असते. तिथे काहीही उभं केलं तर ते त्या दुसऱ्याच्या क्लबच्या टप्प्यात येतं.

मी कडेला बसून बघत राहिले. एक शाळकरी मुलगी शिकत होती. दर फटक्यानंतर सर मोबाइलवर काढलेली तिची क्लिप तिला दाखवायला जायचे, आणि उन्हात पडद्यावर काही दिसायचं नाही. मग दोघं पंचवीस-तीस पावलं चालत मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायची, क्लिप बघायची, परत यायची. तोवर अंगात आलेली हालचाल निघून गेलेली असायची. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने सावलीचं खरं मोल इथे आहे, हे मला त्या सकाळी समजलं. घाम, तहान, भाजणारी मान हे सगळं आहेच. पण ऊन शिकणंसुद्धा तोडतं. चूक आणि तिची दुरुस्ती यांच्यात जितका वेळ जातो तितकं शिकवलेलं विरतं, हे कोणताही शिक्षक सांगेल.

साडेआठची वेळ होती. त्या मुलीची सावली तिच्या मागे, पश्चिमेला, चांगली आठ-नऊ फूट लांब पडली होती. ती सावली बघताना छत्रीचं उत्तर मला सापडलं. आम्ही दोघंही डोक्यावर छप्पर घालायला निघालो होतो आणि क्लबला चुकवायला ते छप्पर उंच उंच नेत होतो. पण ऊन वरून येतच नव्हतं, पूर्वेकडून तिरकं येत होतं. छत्रीने माणसाच्या डोक्यावर असायची गरजच नव्हती. तिने उन्हाच्या वाटेत उभं राहायला हवं होतं, माणसापासून आठ-दहा फूट लांब, आणि सूर्याकडे तोंड करून कललेलं.

हे मी जमिनीवर रेघा ओढून पडताळलं. एप्रिलमध्ये पुण्यात साडेआठच्या सुमारास सूर्य तीसेक अंशांवर असतो. त्या वेळी वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पावणेदोनपट लांब पडते. साडेनऊला तो साधारण पंचेचाळीस अंशांवर येतो आणि सावली उंचीइतकीच होते. म्हणजे आठ फुटांवर मध्य असलेली, नऊ फूट रुंद, कललेली छत्री चेंडूच्या पूर्वेला सात-आठ फुटांवर ठेवली, तर साडेआठपासून साडेनऊपर्यंत खेळणाऱ्याचं डोकं आणि खांदे सावलीत राहतात. त्याआधी ऊन कोवळं असतं. दहानंतर सावली आखडते, आणि ती माणसापर्यंत पोचवायला छत्री इतकी जवळ ओढावी लागते की ती क्लबच्या टप्प्यात येईल. तिथे थांबायचं. एप्रिल-मेमध्ये दहानंतर शिकवूच नये, असं सरांचंही मत होतं. ज्या वेळेला छत्री पुरत नाही, ती वेळ मैदानावर असण्याचीच नव्हे.

दहा फूट उंची आणि आडवा हात दोन्ही गेले, त्याबरोबर निम्मा खर्चही गेला. शिवाय एक गोष्ट मिळाली जी मागितलेलीच नव्हती. प्रशिक्षक जिथून शिकवतो ती जागा खेळणाऱ्याच्या समोर, चेंडूच्या पलीकडे असते. तिथून त्याला छाती, हात, गुडघे सगळं दिसतं. आमची छत्री त्या जागेच्या मागे उभी राहणार होती. तिची सावली आधी प्रशिक्षकावर पडून मग शिष्यापर्यंत जाणार होती. डोक्यावर टांगलेल्या छत्रीने खेळणाऱ्याला झाकलं असतं आणि शिकवणाऱ्याला उन्हात ठेवलं असतं.

कारखान्यात हॉटेलची एक जुनी मोठी छत्री पडून होती. तिला मामांनी कलण्याचा सांधा बसवून दिला आणि आम्ही ती रेंजवर नेली. सरांनी क्लिप काढली आणि जागच्या जागी त्या मुलीपुढे मोबाइल धरला. तिने बघितलं, मान हलवली आणि लगेच पुढचा चेंडू मारला.

जागा ठरवताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. नवशिक्याचा चेंडू कधी कधी क्लबच्या सपाट भागाऐवजी दांड्याच्या सांध्यावर बसतो. गोल्फवाले त्याला शँक म्हणतात. असा चेंडू उजव्या हाताच्या खेळाडूच्या उजवीकडे, खाली खाली, सुसाट सुटतो. आपल्या मांडणीत तो उत्तर आणि पूर्व यांच्या मधल्या कोनात जातो. चेंडूचं वजन जेमतेम ४६ ग्रॅम, पण तो कठीण असतो, आणि लोखंडी दांड्यावर आपटला तर कुणाच्या तोंडावर परत येईल सांगता येत नाही. म्हणून दांडा चेंडूच्या सरळ पूर्वेला न ठेवता थोडा दक्षिणेकडे, खेळणाऱ्याच्या उजव्या पायाच्या बाजूला सरकवायचा. दांड्याला खालपासून सहा फुटांपर्यंत जाड फोम गुंडाळायचा. हे दोन्ही न करता छत्री विकणारा माणूस सावली विकत नाही, धोका विकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

डावखुऱ्यांचं गणित उलटं. त्यांचं तोंड पश्चिमेला, सकाळचं ऊन पाठीवर. पूर्वेकडची छत्री त्यांच्या मागे येते, आणि क्लब नेमका मागेच उंच जातो. त्यामुळे डावखुऱ्याला सकाळी छत्री जास्त लांब ठेवावी लागते आणि तिचा उपयोगही कमीच होतो. त्याने शक्यतो संध्याकाळी यावं. तेव्हा छत्री पश्चिमेला त्याच्या समोर ठेवता येते. अट एकच, मॅट पश्चिमेच्या कडेची हवी. हिवाळ्यात चित्र पुन्हा बदलतं. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीही सूर्य अठ्ठेचाळीस अंशांच्या वर चढत नाही, आणि असतो दक्षिणेला. तेव्हा छत्री दक्षिणेला, रेंजच्या मागच्या बाजूला, बॅगांच्या ओळीत उभी करायची. दुपारभर शिकवता येतं आणि ती कुणाच्या मधे येत नाही.

कापडाबद्दल ग्राहक सगळ्यात जास्त विचारतात, आणि मला त्यात सगळ्यात कमी सांगण्यासारखं वाटतं. पातळ पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण आपल्याकडच्या उन्हात फार टिकत नाही. धाग्यातच रंग मुरवलेलं ॲक्रिलिक महाग असतं, पण विटत नाही. पांढऱ्या कापडातून उजेड झिरपतो आणि डोळ्यांवर येतो, म्हणून गडद हिरवं बरं. कापड फडफडायला नको, कारण क्लब वर असताना कानाशी आवाज झाला की फटका बिघडतो. सरांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मला सुचली नसती. सावलीची कड चेंडूवरून जायला नको. चेंडू पूर्ण सावलीत चालतो, पूर्ण उन्हात चालतो, पण अर्धा इकडे अर्धा तिकडे झाला की नजर त्या कडेवर जाते आणि चेंडूवरून सुटते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी छत्री थोडी हलवावी लागते, आणि म्हणून तिला चाकं लागतात.

आता चाकं आणि वजन यांचं जमत नाही. उभी राहायची तर बैठक जड हवी, हलवायची तर हलकी हवी. आणि कललेली छत्री म्हणजे वाऱ्यापुढे धरलेलं शीडच. नऊ फुटांच्या कापडावर ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर आमच्या हिशेबाने तो साधारण तेरा किलोच्या जोराने ढकलतो. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला तोच जोर बावन्न किलोवर जातो, आणि तोही आठ फूट उंचीवर, जिथून छत्री उलथायला सगळ्यात सोपं. कापडाच्या माथ्यावर झरोका ठेवून त्यावर दुसरी छोटी टोपी शिवली की थोडा वारा निसटतो. पण थोडाच. दुहेरी कापड आहे म्हणून वाऱ्यात उघडी ठेवली तरी चालेल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आम्ही तीन फुटी चौकोनी लोखंडी ट्रे केला आणि त्यात काँक्रीटचे चार ठोकळे बसवले. सगळं मिळून नव्वद किलोच्या आसपास. पाण्याने भरायची प्लॅस्टिकची बैठक बाजारात मिळते, पण काँक्रीट पाण्याच्या अडीचपट जड, तेव्हा तेवढ्याच वजनाला पाण्याची बैठक अडीचपट मोठी होते आणि पायात येते. ट्रे चार पायांवर जमिनीला टेकलेला असतो. चाकं दोनच, एका बाजूला, जमिनीपासून अर्धा इंच वर. सिमेंटची पोती ओढायच्या हातगाडीसारखा दांडा मागे कलवला की चाकं टेकतात आणि एक माणूस छत्री सरकवू शकतो. सोडली की ती पुन्हा पायांवर बसते. ही युक्ती मामांची, आणि साऱ्या छत्रीत मला सगळ्यात जास्त अभिमान तिचाच आहे. सरकवताना छत्री मिटलेली हवी. मिटायचा खटका कमरेच्या उंचीवर ठेवला आहे, म्हणजे स्टुलावर चढायला लागत नाही आणि वारं सुटलं की एका हाताने मिटता येते.

आपल्याकडे वारं सुटतं ते सांगून सुटत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी चारपर्यंत आभाळ स्वच्छ असतं आणि पाचला वळीव येतो. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, त्याआधीच कधी कडकडाट. छत्रीने विजेपासून काडीचंही संरक्षण होत नाही. मोकळ्या मैदानातली आठ फुटी लोखंडी दांड्याची छत्री तर मुळीच नाही. काड्या फायबर ग्लासच्या केल्या म्हणून यात फरक पडत नाही, कारण मोकळ्या मैदानातला उभा माणूस स्वतःच उंच असतो. गोल्फला हा धोका चांगला ठाऊक आहे. १९७५ साली शिकागोजवळच्या वेस्टर्न ओपनमध्ये ली ट्रेव्हिनो, जेरी हर्ड आणि बॉबी निकोल्स या नावाजलेल्या खेळाडूंना एकाच दिवशी विजेचा झटका बसला होता. सामन्यात धोक्याचा एक लांब भोंगा वाजला की खेळ त्याच क्षणी थांबवायचा असतो, हातातला फटकासुद्धा मारायचा नाही. सरावाच्या रेंजवर भोंगा वाजवणारं कोणी नसतं. म्हणून आम्ही प्रत्येक छत्रीच्या दांड्यावर मराठीत एक पाटी लावतो: गडगडाट ऐकू आला की छत्री मिटा आणि पक्क्या इमारतीत जा. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असलं तर आणखी चांगलं.

पावसाळ्याबद्दल ग्राहकाला खरं सांगावं लागतं, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. रिमझिम असेल तर छत्री बॅग, ग्रिप आणि हातमोजे कोरडे ठेवते, आणि ते थोडं नव्हे. ओल्या ग्रिपवरून क्लब निसटतो. पण खेळणाऱ्याला ती पावसापासून वाचवत नाही. लांब उभी असल्यामुळे ती त्याच्या डोक्यावर नसतेच, आणि जवळ आणली तरी आषाढातला तिरका पाऊस कापडाखालून आत शिरतो. वर पागोळ्या मॅटवर गळत राहतात आणि खालचं रबर घसरडं होतं. पावसात सराव करायचा तर पत्र्याचं पक्कं छप्परच हवं. आमची छत्री उन्हाची आहे, हे मी ऑर्डर घेण्याआधी सांगते.

त्या पहिल्या छत्रीनंतर अशा बऱ्याच छत्र्या आम्ही केल्या. बहुतेक खेळाडूंच्या पैशांतून, काही प्रशिक्षकांनी पदरच्या पैशांतून घेतल्या. यापुढचं मात्र मला जरा तळमळीने सांगायचं आहे.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ चाललं होतं तेव्हा आमच्या कारखान्यात सकाळी मोबाइलवर ते सगळे बघायचे. पुण्याचा उदयन माने तिथे खेळला, त्यामुळे सरांचे फोनवर फोन. मग अदिती अशोक चौथी आली. तिची आई तिची कॅडी होती, त्या उन्हात बॅग घेऊन तिच्या बरोबरीने चालत होती. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या लेक्सी थॉम्पसनच्या कॅडीला उष्म्याचा त्रास झाला आणि फेरी अर्ध्यातच सोडून जावं लागलं. ती स्वतः खेळत राहिली. उन्हाने आधी कॅडी खाली बसला, खेळाडू नव्हे. मला यात काही नवल वाटलं नाही. ओझं त्याच्याकडे असतं.

रेंजवर कॅडी कमी, पण चेंडू गोळा करणारी माणसं असतात. डोक्यावर हेल्मेट घालून, बादल्या घेऊन, लांबच लांब पसरलेले शेकडो चेंडू वेचणारी. ती कधी वेचतात ते लक्षात घ्या. चेंडू उडत असताना मैदानात शिरता येत नाही. म्हणजे खेळणारे गेले की ती आत जातात. खेळणारे जातात ऊन चढल्यावर. सकाळची रेंज दहा-साडेदहाला रिकामी होते, आणि यांचं काम तिथून सुरू होऊन बारा-साडेबारापर्यंत चालतं. जी वेळ मैदानावर असण्याची नव्हे असं आम्ही छत्री बेतताना ठरवलं, नेमकी तीच वेळ यांच्या वाट्याला येते.

एका ठिकाणी छत्री बसवून दिल्यावर मी तिथल्या व्यवस्थापकांना म्हटलं, जिथे ही मुलं बादल्या ओततात आणि चेंडू धुतात तिथेही एक लावू या, मी नफा न घेता देते. ते म्हणाले, “त्यांना सवय असते, मॅडम.” मी वाद घातला. उन्हाची सवय होते म्हणजे काय होतं, हे मी वडिलांच्या मानेवर आणि हातांवर बघितलेलं आहे. छत्र्या दुरुस्त करणारा माणूस जन्मभर उघड्यावर बसायचा, कारण पथारीवर स्वतःसाठी छत्री उघडली तर गिऱ्हाइकाला माल दिसत नसे. सवय झाली म्हणून त्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू लवकर यायचा थांबला नाही. व्यवस्थापकांनी शेवटपर्यंत होकार दिला नाही. मामांनी उरलेल्या पाइपातून आणि मी उरलेल्या कापडातून एक साधी सरळ छत्री केली आणि ती त्या मुलांकडेच देऊन टाकली. ती त्यांची आहे, रेंजची नाही.

तेव्हा गोल्फ क्लब, रेंज, लष्करी मैदानं, शाळा, जिथे कुठे हा खेळ शिकवला जातो, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. छत्री मागवताना तिचा रंग आणि त्यावर छापायचं नाव शेवटी सांगा. आधी तुमच्या मैदानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगा, कडेची जागा मोकळी आहे का ते सांगा, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ कोण उभं असतं ते सांगा. आणि एक छत्री चेंडूंच्या बादल्यांपाशी लावा. तिला कलण्याचा सांधा लागत नाही, चाकं लागत नाहीत, महाग कापडही लागत नाही. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तेव्हा सरळ उघडलेल्या छत्रीची सावली तिच्या खालीच पडते.